ट्रेलर किती मोठा घ्यावा, हे गाडीच्या दारावर लिहिलेलं असतं

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, बघायला गेलेलं कुटुंब एकदा आत शिरलं की लवकर बाहेर येत नाही. मुलं बंकवर चढून बसतात, कोणी पलंगावर आडवं होऊन पाय पुरतात का बघतं, कोणी कपाटं उघडून काय कुठे राहील याचा अंदाज घेतं. बाहेर आल्यावर विक्रेता विचारतो, गाडी कोणती? नाव ऐकून म्हणतो, आरामात ओढेल. बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो. गाडी खरंच ओढते. पण ट्रेलर नुसता ओढायचा नसतो, त्याचा काही भार गाडीला पेलायचाही असतो, आणि आधी संपते ती पेलण्याची ताकद. खरेदीआधी एवढं लक्षात आलं तर पुढची निवड बरीच सोपी होते, म्हणून आकार, सोयी आणि गाडी या तिन्हींकडे इथे याच बाजूने बघू.

दाराच्या चौकटीवरचा स्टिकर

गाडीच्या मागे हिचचा, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीचा, गोळा असतो आणि त्यावर ट्रेलरचा पुढचा दांडा बसतो. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, पण एक हिस्सा त्या गोळ्यावर सरळ खाली दाबत असतो. हे टंग वेट. अमेरिका आणि कॅनडातल्या पद्धतीच्या ट्रेलरमध्ये ते भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. एवढं का, ते पुढे येईलच.

आता ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीत दाराच्या चौकटीवर टायरमधल्या हवेचा दाब सांगणारा स्टिकर असतो. त्यावर एक ओळ असते: माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर जाऊ नका. हा त्या गाडीचा पेलोड. ड्रायव्हर, सोबतची माणसं, डिकीतलं सामान, कुत्रा, हिचचं लोखंड आणि ट्रेलरचं टंग वेट, सगळं या एका आकड्यात बसवायचं असतं. ब्रोशरमधला आकडा इथे कामाचा नाही. सनरूफ, फोर व्हील ड्राइव्ह, मोठी चाकं अशा प्रत्येक चैनीने पेलोड थोडा थोडा खाल्लेला असतो, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या स्टिकरवर शंभर-दीडशे किलोंचा फरक सहज दिसतो. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्याच दारावर बघा.

एक हिशोब मांडून बघू. समजा गाडीची ओढण्याची क्षमता ३,४०० किलो आहे आणि स्टिकरवरचा पेलोड ६४० किलो. ट्रेलर भरल्यावर २,९५० किलो होतो. ३,४०० मधून २,९५० वजा केले तर साडेचारशे किलो शिल्लक, म्हणजे मजेत झालं, असं वाटतं. आता पेलोडकडे बघा. २,९५० चे १३ टक्के म्हणजे सुमारे ३८० किलो टंग वेट. हिचची जोडणी ४० किलो. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून २१० किलो. बेरीज ६३०. राहिले १० किलो. एक भरलेली बॅग डिकीत ठेवली की मर्यादा ओलांडली. सायकली, कुत्रा, मागे येणारे आजी-आजोबा यांना जागाच नाही. ओढण्याचा आकडा मात्र अजूनही साडेचारशे किलो शिल्लक दाखवतोय.

असं होतं, कारण तो आकडा विशिष्ट परिस्थितीत काढलेला असतो. अमेरिकेत बरेच उत्पादक एसएई जे२८०७ हे मानक वापरतात. त्यात डेव्हिस धरणाच्या चढाची प्रसिद्ध परीक्षा आहे. अॅरिझोनातला सुमारे १८ किलोमीटरचा रस्ता, ९०० मीटरच्या आसपास चढण, बाहेर ३८ अंश उष्णता, एसी पूर्ण जोरात, आणि तरीही गाडीने वेग ठरावीक मर्यादेच्या खाली जाऊ द्यायचा नाही. परीक्षा कडक आहे यात शंका नाही. पण गाडीत माणसं धरली आहेत दोनच, प्रत्येकी ६८ किलोंची, आणि सामान जवळजवळ नाहीच. तुमच्या गाडीत चार माणसं आणि आठवड्याचं सामान असेल, तर तो आकडा तुमच्यासाठी नाही.

पेलोडच्या जोडीला मागच्या ॲक्सलची, म्हणजे मागची चाकं ज्यावर बसतात त्या आसाची, मर्यादाही तपासावी लागते. गोळा मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तिथे तरफेचा नियम लागतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असेल आणि गोळा मागच्या चाकांपासून १.२ मीटर मागे असेल, तर ३८० किलोंचा दाब मागच्या ॲक्सलवर ५३० किलोंच्या आसपास पडतो आणि पुढच्या चाकांवरून १५० किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक लागताना पुढच्या चाकांची पकड कमी होते, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात. यावर उपाय म्हणजे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. त्याच्या स्प्रिंगच्या दांड्या मागचा काही भार पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. वस्तू उत्तम आहे आणि मध्यम आकाराच्या ट्रेलरला मी ती आवश्यकच मानतो. पण तिने स्टिकरवरचा आकडा वाढत नाही, आणि "हा हिच लावा, मग कितीही मोठा ट्रेलर चालेल" या बोलण्यात तथ्य नाही.

कोरं वजन विसरा

ब्रोशरमध्ये ठळक छापलेलं असतं ते ट्रेलरचं कोरं, म्हणजे रिकामं वजन. अनेकदा त्यात बॅटरी नसते, पाणी नसतं, विक्रेत्याने वरून बसवलेल्या वस्तू नसतात. अशा अवस्थेत तुम्ही तो ट्रेलर कधीच ओढणार नाही. धरायचा तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा कमाल आकडा. अमेरिकेत त्याला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात, ऑस्ट्रेलियात एटीएम, ब्रिटनमध्ये एमटीपीएलएम. नाव काहीही असलं तरी हिशोब त्याच आकड्यावर करायचा.

कमाल वजनातून कोरं वजन वजा केलं की किती सामान भरता येईल ते कळतं. समजा ६०० किलो उरले. ऐकायला भरपूर वाटतात. १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो गेले. दोन मोठ्या बॅटऱ्या ५० किलो. गॅसचे दोन भरलेले सिलिंडर ३५ किलो. अंथरुणं, भांडी, खुर्च्या, पाण्याचा पाइप, गाडी समतल करायचे ठोकळे, अवजारं, कपडे हे सगळं उरलेल्या ३६५ किलोंत. चार जणांच्या कुटुंबाला तेवढं पुरतं, फार शिल्लक राहत नाही. काही ट्रेलर आतून प्रशस्त असतात पण त्यांची सामान वाहण्याची मर्यादा तीनशे किलोंच्या आतच असते. कपाटं भरपूर आणि ती भरण्याची परवानगी नाही, अशी गत होते. असा ट्रेलर कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रोशरमधलं टंग वेटसुद्धा रिकाम्या ट्रेलरचं असतं. बॅटरी आणि सिलिंडर नेमके पुढच्या दांड्यावर बसतात, त्यामुळे प्रत्यक्षातला भार छापील आकड्यापेक्षा बराच वाढतो.

ट्रेलर डोलायला का लागतो

टंग वेट गाडीला जड पडतं, मग ते कमी करावं, असं कोणालाही वाटेल. सामान ट्रेलरच्या मागच्या भागात हलवलं की झालं. हा सगळ्यात धोकादायक विचार आहे. बैलगाडी मागून जड भरली की उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा तिच्यावर ताबा राहत नाही. ट्रेलरचंही तेच होतं, फक्त ताशी शंभर किलोमीटर वेगाने. मागे वजन जास्त झालं की बाजूने जाणाऱ्या ट्रकच्या हवेचा झोत किंवा एखादा आडवा वारा ट्रेलरला ढकलतो, तो डावीकडे-उजवीकडे डोलायला लागतो, आणि एका ठरावीक वेगाच्या वर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. शेवटी ट्रेलर गाडीलाच फिरवतो. १० ते १५ टक्के भार पुढे ठेवतात तो यासाठी.

म्हणून जड सामान ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, आणि जमिनीलगत. मागच्या बंपरला सायकलींचा स्टँड लावणं फार सोयीचं वाटतं, पण टंग वेट कमी करण्याचा आणि झोका वाढवण्याचा त्याच्याइतका सोपा मार्ग दुसरा नाही. पाण्याच्या टाक्या ॲक्सलच्या पुढे आहेत की मागे हेही घेण्याआधी विचारा. टाकी मागच्या टोकाला असेल तर ती भरल्यावर गोळ्यावरचा भार घटतो, म्हणजे दुपारी पाणी भरून निघालेला ट्रेलर सकाळसारखा वागत नाही.

एवढी काळजी घेऊनही डोलायला लागलाच तर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, झोक्याच्या उलट दिशेला वळवत बसू नका. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरवर हाताने चालवायची कळ असते, तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावा. ट्रेलर मागे ओढला जाऊन सरळ होतो. ही कळ कुठे आहे हे अंधारातही हाताला सापडायला हवं. मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात तिचा सराव करा.

युरोपात ही गणितं वेगळी आहेत. तिथले ट्रेलर, म्हणजे कॅरव्हॅन, हलके, गोळ्यावरचा भार साधारण ५ ते ७ टक्के, आणि त्या मानाने ओढतानाची वेगमर्यादाही बऱ्याच देशांत कमी. म्हणून तिथे त्याच गाडीला ओढण्याची मर्यादा जास्त दिलेली दिसू शकते. तो आकडा उचलून अमेरिकेतल्या जड नाकाच्या ट्रेलरला लावू नये.

लांबी

ट्रेलर फुटांत विकले जातात आणि नावातला आकडा फसवा असतो. बऱ्याच कंपन्यांच्या नावात फक्त खोलीची लांबी असते. पुढचा दांडा आणि मागचा बंपर धरला की तीन-चार फूट वाढतात. जागा आरक्षित करताना, घरी पार्किंगचं माप घेताना हिचपासून बंपरपर्यंतची लांबी धरा.

ढोबळ अंदाज द्यायचा तर टिअरड्रॉप म्हणजे झोपण्यापुरती डबी, भरून टनाच्या आत. १६ ते १९ फुटांचे एका ॲक्सलचे ट्रेलर दीड टनाच्या आगेमागे. २२ ते २६ फुटांचे, दोन ॲक्सलचे, अडीच ते तीन टन. तिशीच्या पुढचे साडेतीन टन किंवा त्याहून जास्त. जोडप्याला १९ फूट, मुलांसह चौघांना २४-२५ फूट पुरतात. त्याहून मोठा घेताना आतल्या जागेबरोबर बाहेरचाही विचार करा. जुन्या सरकारी कॅम्पग्राउंडमधल्या जागा लहान गाड्यांच्या काळात आखलेल्या आहेत, तिशीच्या पुढच्या ट्रेलरला तिथे पर्याय झपाट्याने कमी होतात. अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग टू द सन रस्त्यावर तर डोंगरातल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब आणि आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद वाहनाला बंदी आहे. तिथे कुठलाही ट्रेलर खाली ठेवूनच वर जावं लागतं. एवढ्यासाठी ट्रेलरची निवड बदलू नये, पण वर्षभरात जिथे जिथे जाल त्या तीन-चार जागांची लांबीची मर्यादा बघून मग ट्रेलर बघायला जावं, हा क्रम मला योग्य वाटतो.

एका ॲक्सलचा ट्रेलर हलका, हाताने ढकलून वळवता येतो, टायर दोनच. दोन ॲक्सलचा रस्त्यावर जास्त स्थिर, आणि एक टायर फुटला तरी कोसळत नाही. दोन टनांच्या पुढे दोनच ॲक्सल घ्यावेत.

सोयींची पारख

स्लाइड आऊट, म्हणजे थांबल्यावर बटण दाबताच बाहेर सरकणारी भिंत. तिने आतली खोली एकदम मोठी होते. पण तिचं वजन शेकडो किलोंत जातं, भिंतीला मोठं भोक पडतं आणि रबरी पट्ट्यांतून पाणी शिरण्याची एक जागा वाढते. स्लाइड असलेला ट्रेलर आवडला तर विक्रेत्याला ती बंद करायला सांगा आणि मग आत जा. संडासापर्यंत पोहोचता येतं का? फ्रिजचं दार उघडतं का? पलंगावर टेकता येतं का? रस्त्यात अर्धा तास थांबायचं तर ट्रेलर याच अवस्थेत असणार. काही आराखड्यांत बंद ट्रेलरमध्ये दारातून पाऊलही पुढे टाकता येत नाही.

बांधणीत फरक मोठा आहे. लाकडी चौकटीवर पन्हाळीदार ॲल्युमिनियमचा पत्रा हा जुना प्रकार, दुरुस्तीला सोपा. फायबरग्लासच्या चिकटवलेल्या भिंती हलक्या आणि गुळगुळीत, पण आत पाणी गेलं की थर सुटतात आणि बाहेरून फुगवटे दिसतात. तिसरा प्रकार साच्यातून काढलेल्या दोन फायबरग्लासच्या अर्ध्या कवचांचा. सांधे कमी म्हणून गळतीही कमी, आणि जुने झाले तरी टिकून राहतात. फक्त आकाराने लहान असतात. ट्रेलर अपघाताने क्वचित आणि पाण्याने नेहमी खराब होतो. जुना घेत असाल तर कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात, खिडक्यांखाली आणि पलंगाखालच्या जमिनीवर हाताने दाबून बघा. मऊ लागलं तर व्यवहार तिथेच थांबवा.

विजेबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. छतावर सोलर पॅनेल आहे म्हणून एसी चालेल असं लोक धरून चालतात. छतावरचा नेहमीचा एसी १,३०० ते १,५०० वॅट घेतो. १२ व्होल्टच्या १०० अॅम्पिअर-अवर बॅटरीत सुमारे १,२०० वॅट-तास असतात. म्हणजे तासाभराचीही सोय नाही, आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते ते वेगळंच. एसी हवा तर कॅम्पग्राउंडची वीज किंवा जनरेटर हवा. दिवे, पंप, फोन आणि हीटरचा पंखा यांना मात्र एक चांगली बॅटरी आणि एक-दोन पॅनेल पुरतात. सांडपाण्याच्या बाबतीत भांडी आणि आंघोळीच्या पाण्याची टाकी संडासाच्या टाकीच्या आधी भरते, म्हणून वीज-पाण्याविना राहायचं असेल तर तिचा आकार बघा.

गाडी

ट्रेलर आधी की गाडी आधी? गाडी बदलायची नसेल तर स्टिकरपासून उलटं या. पेलोडमधून माणसं, सामान आणि हिच वजा करा, उरलेल्या आकड्याला ०.१३ ने भागा, उत्तर येईल तेवढाच भरलेला ट्रेलर. आमच्या उदाहरणातल्या कुटुंबाने डिकीत ७० किलो सामान धरलं तर ६४० मधून ३२० जातात, उरतात ३२०, म्हणजे ट्रेलर साधारण २,४५० किलोंचा. ३,४०० ची गोष्ट तिथेच संपते. गाडीही नवी घ्यायची असेल तर आधी ट्रेलर ठरवा, मग त्याला पुरून उरेल अशी गाडी.

इंजिनाच्या ताकदीवर सगळे बोलतात, पण लांब चाकांतर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, आणि भक्कम मागचा ॲक्सल यांना मी जास्त महत्त्व देतो. आखूड गाडीला लांब ट्रेलर सहज हलवतो. उंचावर टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के घटते, त्यामुळे डोंगराळ भागात जाणाऱ्यांनी टर्बो असलेलं इंजिन बघावं. सपाट रस्त्यावर मात्र वजनापेक्षा ट्रेलरची उंच-रुंद पुढची भिंत जास्त इंधन खाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीच्या वर जातो. विजेवरच्या गाडीची एका चार्जमधली धाव ट्रेलर लावल्यावर जवळपास निम्म्यावर येते, ती याच भिंतीमुळे. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादाही ताशी १०५ किलोमीटरच्या आसपासच असते. आणि हे टायर झिजण्याआधी वयाने जातात. बाजूला कोरलेल्या शेवटच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असतं. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही खोल दिसो, बदला.

ब्रेकबद्दल तडजोड नको. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतो, पण तिथेही ब्रेक घ्याच, आणि गाडी ज्या जोराने थांबते त्याच प्रमाणात ट्रेलर थांबवणारा प्रपोर्शनल कंट्रोलर बसवा. उतारावर गिअर खाली टाकून इंजिनाने वेग धरायचा, ब्रेक तापवत उतरायचं नाही.

हे सगळं कागदावर झालं. पहिल्या सहलीला निघताना सगळं भरून, सगळी माणसं बसवून, ॲक्सलचं वेगवेगळं वजन दाखवणाऱ्या वजनकाट्यावर जा. आधी गाडी एकटी तोला. मग ट्रेलर जोडून, स्प्रिंगच्या दांड्या न लावता. मग दांड्या लावून. दुसऱ्या वेळी गाडीच्या दोन ॲक्सलवर जेवढं वाढलं ते तुमचं खरं टंग वेट. सगळ्या ॲक्सलच्या बेरजेतून एकट्या गाडीचं वजन काढलं की ट्रेलरचं खरं वजन. तिसऱ्या वेळी पुढच्या ॲक्सलवर किती वजन परत आलं ते बघा. किती यायला हवं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि कमी आलं तर दांड्यांची साखळी एक कडी घट्ट करून पुन्हा तोला.